ओकच्या आरपार फुंकर

साउथहॅम्प्टन,
१४ सप्टेंबर २०२५

प्रिय दादा,

तुला आणि वहिनींना नमस्कार. गणपती छान झाले असतील. इकडे सर्व क्षेम, आणि या वेळी ते खरंच आहे.

फेब्रुवारीपासून फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचतोस, निळ्या खुणा दिसतात मला, पण उत्तर नाही. म्हणून पत्र. ते मधेच कट करता येत नाही.

आधी विजयवार्ता! बॉटनीच्या निवृत्त प्राध्यापकांची धाकटी बहीण, जिला आंब्याचं झाडसुद्धा आंबे लागल्याशिवाय ओळखता येत नाही असं तू चारचौघांत सांगायचास, तिने काल चाळीस वर्षं कुऱ्हाड चालवलेल्या माणसाला ओक ओळखून दाखवला.

झालं असं. दर शनिवारी आमचा एक गट वादळात पडलेली झाडं फोडून गावातल्या एकट्या म्हाताऱ्यांना सरपण पोचवतो. एप्रिलमध्ये तुझ्या भाचीने, ईशिताने, मला तिथे ओढत नेलं. आधी मी नुसता चहा करायचे. आता छोटी कुऱ्हाड चालवते.

काल ढिगात ओकचे ओंडके होते. साल गळलेली, पानांचा पत्ता नाही. आमचा म्होरक्या कॉलिन याने सगळ्यांत देखणा ओंडका पायवाटेवरच्या बाकासाठी बाजूला काढला. बाक कायम पावसात राहणार, त्याला इंग्लिश ओकच हवा. रेड ओक पाणी पितो आणि कुजतो, तो जाळायलाच बरा. मी कापलेल्या तोंडावर भिंग धरलं आणि म्हटलं, "कॉलिन, हा रेड आहे."

"इंग्लिशच आहे, लव्ह," तो हसला. "जन्म गेला माझा यात."

तुला सांगायला नको, पण सांगतेच. रेड ओकमधल्या नळ्या आरपार मोकळ्या असतात, इंग्लिश ओकमधल्या बुजलेल्या. मी दोन ओंडक्यांच्या पेन्सिलीएवढ्या ढलप्या काढल्या. एका टोकाला भांड्यांचा साबण लावायचा, दुसऱ्या टोकाने फुंकायचं.

पहिली ढलपी नक्की इंग्लिश असलेल्या ओंडक्याची. फुंकलं. काही नाही. पुन्हा फुंकलं. डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण बुडबुडा नाही. तो येणार नव्हताच, हे मला ठाऊक होतं, तरी शंका आली. लाकूड बंद आहे की मीच कमी पडले?

दादा, आता सांगते. फेब्रुवारीत तुझ्या पंचाहत्तरीला आले नाही. तिकीट मिळालं नाही असं कळवलं. तिकीट पर्समध्ये होतं. तुझ्या समारंभाच्या दिवशी माझ्या उजव्या फुप्फुसाचा वरचा भाग कापून काढला. कॅन्सर होता, लहान, वेळेवर सापडलेला. दोन्ही फुप्फुसांचे मिळून पाच भाग, त्यातले चार उरले. आयुष्यभर लोकांना भूल दिली, त्या दिवशी स्वतः घेतली. तुझा सोहळा मोडू नये म्हणून गप्प राहिले, असं मी सगळ्यांना सांगते. खरं म्हणजे मी घाबरले होते, आणि तुझ्यासमोर घाबरणं मला कधीच जमलेलं नाही. "सर्व क्षेम" असं तेव्हाही लिहिलं होतं. चुकलं माझं.

तर दुसरी ढलपी. कॉलिनच्या लाडक्या ओंडक्याची. छाती भरून श्वास घेतला, टाके होते तिथे ओढ बसली, आणि फुंकलं. फेस आला! बुडबुड्यांवर बुडबुडे, थेट कॉलिनच्या हातमोज्यावर. त्याने दोन्ही ढलप्या स्वतः फुंकून पाहिल्या. पहिली बंद, दुसरी मोकळी. टोपी काढून म्हणाला, "डॉक्टर, बाकाचं लाकूड आता तुम्हीच निवडा."

ईशिता तर नाचायलाच लागली. "मम, काय फुंकर मारली तू! स्कॅन पण ऑल क्लिअर आलाय. आता मामाला सांगून टाक, प्लीज, नो एक्स्क्यूजेस!"

स्कॅन गेल्या आठवड्यात झालं. स्वच्छ आहे. आणि मी काल इतकी ओरडले की झाडावरचे कावळे उडाले.

भाऊबीजेला येते आहे. तिकिटाची प्रत सोबत जोडली आहे, कारण माझ्या शब्दावर तू आता विश्वास ठेवावास असं मी काही केलेलं नाही. तुला हवं तितकं रागव, पण समोर बसवून रागव. ओवाळून झाल्यावर मी सगळं ऐकून घेईन, मधे एक शब्द बोलणार नाही.

पाचातले चार उरलेली, पण सगळीच्या सगळी तुझी,
वैजू