नऊ नंबरची शिट्टी

बीच हॉलो, टेनेसी
३ फेब्रुवारी १९८६

प्रिय लॉवेल यास धाकट्या बहिणीचा सा. न. वि. वि.

ख्रिसमसपासून तुझं पत्र नाही. ॲरिझोनाच्या वाळवंटात दौतीतली शाई सुकत असावी, असं धरून मी क्षमा केली आहे.

इकडे आपली नऊ नंबर जिवंत होते आहे. लाकूड-गिरणीच्या आवारात तीसेक वर्षं गंजत पडलेल्या त्या इंजिनाचा बॉयलर गेल्या आठवड्यात पाण्याच्या दाबाच्या परीक्षेत पहिल्या झटक्यात उत्तीर्ण झाला. माझ्या लॅटिनच्या वर्गाला हे आजवर साधलेलं नाही. इंजिन वाचवणाऱ्या मंडळात निवृत्त दंतवैद्य आहेत, औषधवाले आहेत. त्यांना शास्त्रोक्त गंज खरवडायला शिकवतात ॲन्सेलकाका प्रुइट, बाबांच्या वेळचे इंजिन-शेडचे फोरमन. वय एक्क्याऐंशी. खोक्यावर बसतात आणि दंतवैद्यांना म्हणतात, अहो, दाढ नाही ती, जरा जोर लावा.

सतरा मे रोजी पहिली फेरी. फक्त शिट्टी नाही. प्रत्येक ड्रायव्हरची शिट्टी त्याची स्वतःची. इंजिन बदललं की तो ती उतरवून नव्यावर चढवी. बाबांची तीन सुरांची पितळी शिट्टी ऐकली की आई हातातल्या फडक्यासकट व्हरांड्यात येई. शेवटच्या फेरीच्या तोंडावर ती शिट्टी शेडमधून गेली, ती गेलीच. काकांजवळ विषय काढला, तर म्हणाले, कुठलीही बसवा, पण मला विचारू नका. तुझ्या बापानं चाळीस माणसांसमोर मला चोर म्हटलं, एका जन्माला तेवढं पुरे. चर्चमध्ये अजून आई डावीकडे बसते, काका उजवीकडे. बत्तीस वर्षं झाली.

तू तेव्हा बाबांच्या इंजिनावर कोळसा टाकणारा फायरमन होतास. काही आठवतं का? काकांच्या हयातीत उलगडा व्हावा, एवढीच इच्छा.

लोभ शिल्लक आहे. उत्तर आल्यास वाढेल.
व्हर्ना

ट्यूसॉन, ॲरिझोना
१९ फेब्रुवारी १९८६

चि. व्हर्ना हिस अ. उ. आ.

आशीर्वाद देण्याचा अधिकार पत्र वाचून होईपर्यंतच गृहीत धरतो. सोबतच्या पेटीत शिट्टी आहे. मी घेतली होती.

इंजिन गिरणीला जाईल, त्यावरचं पितळ मात्र सगळं भंगारात, असा कंपनीचा हुकूम होता. बाबा म्हणाले, शेवटची फेरी झाली की साहेबाला रीतसर विचारू. रीतसर विचारणाऱ्याला त्या साहेबानं काय दिलं असतं, ते तुलाही ठाऊक आहे. शनिवारी जेवणाच्या सुट्टीत मी शिडी लावून ती उतरवली आणि जागी एक जुनी, घोगरी बसवली. फेरी संपली की बाबांच्या हातात ठेवणार होतो.

पण रविवारी सकाळी शेडची किल्ली ॲन्सेलकाकांकडे, म्हणून बाबांनी त्यांनाच धरलं. विकलीस ना, कुणाला विकलीस? मी फावडं घेऊन चार हातांवर उभा होतो. बोललो नाही. संध्याकाळी घराजवळच्या वळणावर परकी शिट्टी वाजली, म्हणून आई बाहेर आली नाही. एकतीस वर्षांत पहिल्यांदा व्हरांडा रिकामा. बाबा तिकडे पाहत राहिले, मी भट्टीत कोळसा टाकत राहिलो. मग रोज म्हणत गेलो, उद्या सांगतो. बाबा वारले, आणि सांगायला ते राहिले नाहीत.

कुणी पाठवली ते सांगू नकोस, असं लिहिणार होतो. लिहीत नाही.

लोभाची मागणी करत नाही.
लॉवेल

बीच हॉलो
६ मार्च १९८६

लॉवेल यास,

नमस्कार तूर्त राहू दे.

पेटी आणि पत्र, दोन्ही काकांकडे नेलं. वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा चढवून आधी शिट्टीचे आटे पाहिले. म्हणाले, गाढवानं भलताच पाना लावला, कडा खाल्ल्यात. चुलीवरची कॉफी उतू गेली, ती मीच उतरवली. शेवटी म्हणाले, बाप रागावला होता, त्याला ठाऊक नव्हतं. याला ठाऊक होतं. शिट्टी टपालानं आली, ठीक. माझं गेलेलं नाव टपालानं नको. त्याला म्हणावं, स्वतः ये आणि सांग.

आईला मी काही बोलले नाही. ते तुझं काम.

पांघरूण जाड आण, इकडे अजून थंडी आहे.
व्हर्ना

बीच हॉलो
२७ मे १९८६

प्रिय लॉवेल यास सा. न. वि. वि.

नमस्कार परत सुरू केला आहे, नोंद घ्यावी.

सतरा तारखेला तू इंजिनाच्या पायरीवर उभा राहून बोललास, तेव्हा मी तिथे नव्हते, घरी आईजवळ होते. दंतवैद्यांनी सांगितलं: तुझा आवाज बसला, तशी काका खोक्यावरून ओरडले, जोरात बोल, तेव्हा चाळीस जणांना ऐकू गेलं होतं! मग तू पुन्हा पहिल्यापासून सांगितलंस. त्यांनी हात मिळवला नाही, पण शिट्टीची दोरी तुझ्या हातात दिली.

तू लगेच विमानाला पळालास, म्हणून घरचं सांगते. आदल्या संध्याकाळी तुझं सगळं ऐकून आई बटाटेच सोलत राहिली, ते तुला लागलं असेल. दुसऱ्या दिवशीही ती तशीच बसली होती. वळणावर शिट्टी झाली. दोन लांब, एक आखूड, एक लांब. ती उठली, फडकं घेतलं, व्हरांड्यात गेली आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत ते हलवत राहिली. मग आत येत म्हणाली, लॉवेल होता; तुझे बाबा शेवटचा सूर इतक्या घाईनं सोडत नसत.

काका तुझ्याविषयी चकार शब्द काढत नाहीत. परवा मात्र विचारत होते, पुढच्या फेरीला फायरमन कोण?

आणि हे रविवारचं. आई चर्चमध्ये शिरली, डावीकडच्या आपल्या बाकाशी थांबली, आणि मधली वाट ओलांडून काकांशेजारी जाऊन बसली. गाणं सुरू झालं, तेव्हा तिनं आपलं पुस्तक दोघांच्या मध्ये धरलं. तिला आता अक्षर दिसत नाही, काका चष्मा घरी विसरले होते. पुस्तक उलटं होतं. दोघंही शेवटपर्यंत न चुकता गायले.

पुढची फेरी चार जुलैला. लोभ आहे, फावडंही आहे.
व्हर्ना