सासूबाई पास

३ फेब्रुवारी, मंगळवार

साहेबांना माझं फूल पसंत! गोळीची वेळ झाली की आमच्या अ‍ॅपमध्ये आता गजराबरोबर एक फूल उमलणार. ते दाबलं की 'घेतली' अशी हिरवी खूण. रात्रीपर्यंत नाही दाबलं तर लाल.

गजर आधीपासून आहेच, त्याचं कोणाला कौतुक? आमच्याकडे बढती नव्यालाच. जुनं दुरुस्त करणाऱ्याला कुत्रं विचारत नाही. आमचे घड्याळबुवा — गजर त्यांनी लिहिला, सात वर्षं लेकरासारखा सांभाळला. गेल्या वर्षी त्यांना उचललं आणि जाहिरातींच्या खात्यात नेऊन टाकलं. आता त्या गजराला हात लावायला सगळेच घाबरतात. मीसुद्धा.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

नवी आवृत्ती आज बाहेर पडली — सासूबाईंच्या फोनवर न बघता! इतकी वर्षं आमचा रिवाज होता. कुठलीही आवृत्ती आधी दोन दिवस त्यांच्या जुन्या फोनवर. त्या चष्मा पुसणार, नाक मुरडणार, मगच ती जगाला द्यायची. ऑफिसात त्याला 'सासूबाई पास' म्हणतात. एकदा म्हणाल्या होत्या, "अक्षरं मुंगीएवढी केलीत, गोळ्याही मुंग्यांनाच द्या." दोनशे जणांच्या खात्यात ते कोणाला दिसलं नव्हतं.

या वेळी साहेब म्हणाले, सोमवारी वरच्यांना दाखवायचंय, दोन दिवस आणू कुठून? यंत्राने तपासलंय की सगळं. मी मान डोलावली. बढतीच्या यादीत माझं नाव आहे ना! लिहितानाही लाज वाटतेय.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

बढती मिळाली. सासूबाई शेजारणीला तीनदा सांगून आल्या. मग हळूच मला विचारलं, सगळं हिरवं दिसलं की ऑफिसात तुझं नाव होतं ना? मी हसून हो म्हटलं.

९ मार्च, सोमवार

तक्रारींचा ढीग. जुन्या फोनांवर फूल उमलतं, गजर वाजतच नाही! साहेब शांत. सगळ्यांच्या खुणांचा ऑफिसातला तक्ता हिरवागार आहे, म्हणजे लोक गोळ्या घेताहेत, मग घाई कसली?

सासूबाईंची हृदयाची गोळी सकाळी आठची, आणि तेव्हा मी बसमध्ये असते. डबा तसाच टाकून घरी आले. त्यांच्या फोनवर दोन मिनिटांनंतरची वेळ लावली, समोर बसून राहिले. फूल डौलात उमललं. आवाज? चिडीचूप.

पण महिनाभराच्या खुणा बघितल्या — सगळ्या हिरव्या! माझ्या लक्षात असतं गं, म्हणाल्या. हुश्श. कंपनीच्या गजरापेक्षा माझी सासू भरवशाची. गजर दुरुस्त करायला घड्याळबुवांना परत मागणार आहे, साहेब काहीही म्हणोत.

१० मार्च, मंगळवार

सासूबाईंची चादर बदलताना उशीखाली गोळ्यांचं पाकीट सापडलं. मोजल्या. नऊ गोळ्या जास्त.

"विसरले तरी संध्याकाळी हिरवं दाबून टाकते," त्या म्हणाल्या. "लाल दिसलं तर तुला बोलतील ना गं."

डॉक्टरांना फोन केला, उद्या सकाळची वेळ मिळाली. मग तिथेच त्यांच्या पायाशी बसून रडले. त्या माझ्या डोक्यावरून हात फिरवत राहिल्या. फूल मात्र छान काढलंस हो, म्हणाल्या.