दोराचं दुसरं टोक

९ फेब्रुवारी
देऊळघाटचा माळ. विंचवर, दोर गुंडाळत ग्लायडर वर खेचणाऱ्या यंत्रावर, प्र. पुन्हा मी कमी उंचीवर सुटले. माझ्या आधी जावेद गेला. तेच ग्लायडर, तोच दोर. तो घारी घिरट्या घालतात त्या चढत्या हवेपर्यंत पोचला. मी दोर सोडला तेव्हा घारी माझ्या कितीतरी वर. एक चक्कर, खाली.
शिकवणारे वानखडे सर: "तासभर वर राहून दाखवा, बाई. मग एकटीनं लांब जायची परवानगी." पावसाआधी माळ सोडायचा आहे. मालक नांगरणार.
घरी येताना प्र. गाडीत गुणगुणत होता. नवरा खुशीत असण्याचं कारण कळलं नाही.

१६ फेब्रुवारी
तेच. सरांना वजनाचं विचारलं. मी हलकी, तर वर जायला हवी जास्त. सर म्हणाले, वारा पडला असेल.
दर वेळी माझ्याच पाळीला?

२ मार्च
विंचऐवजी विमानाने ओढून नेलं तर हवी ती उंची, हवी ती जागा. पण विमान बाहेरून आणावं लागेल. क्लबला झेपणार नाही. जीपने ओढायचं तर माळ अपुरा, पुढे नाला. रबरी दोर जवळजवळ फुकट. राजूर घाटाच्या कडेवर आठ माणसं तो ताणत उताराकडे पळतात, ग्लायडर गलोलीतल्या खड्यासारखं सुटतं. चढता वारा नसेल तर थेट खाली, रोहिणखेडच्या बाजूला, कुणाच्यातरी शेतात.
विंच स्वस्त. माळ पुरतो. मिनिटभरात वर. दोष एवढाच की दोराच्या दुसऱ्या टोकाला एकच माणूस असतो.
आठ माणसं एकाच वेळी हात आखडणार नाहीत.

९ मार्च
विंच लांब आहे. तिथून चेहरा दिसत नाही. ग्लायडरमध्ये कोण बसलंय ते वायरलेसवर सांगतात. जावेदला पटवलं. तो म्हणाला, "वहिनी, भैयासंगं लफडं करून राह्यल्या तुम्ही." पण वायरलेसवर स्वतःचं नाव सांगितलं. बसले मी.
पाठ सीटला चिकटली. दोर सोडला तेव्हा घारी खाली होत्या.
वर राहता आलं असतं. राहिले नाही. उड्डाण जावेदच्या नावावर होतं.

१० मार्च
चहाच्या वेळी प्र.ला विचारलं. मला कमी का ओढतोस?
"तूच त शेपटी हालोली होती."
"कधी?"
"पयल्याच खेपेले. मंग मी तवापासून तुले हळूच ओढतो. काऊन, बरं नाही वाटत?"
पायाखालच्या पॅडलनी शेपटी डावी-उजवी हलवायची, म्हणजे विंचवाल्याने समजायचं: वेग जास्त होतोय, कमी कर. खूण त्या उड्डाणापुरती. याने ती जन्माची धरली.
मी हलवली नव्हती. बाजूचा वारा असेल. किंवा हे उत्तर त्याच्याकडे तयारच होतं.
कप विसळताना म्हणाला, "काल जावेद नोहता. तू होती."
"कधी ओळखलंस?"
"ओळखलं."
ओढायच्या आधी की नंतर, ते नाही सांगितलं.

१६ मार्च
गेले नाही. पेपर तपासायचे होते. तोही गेला नाही. कारण विचारलं नाही, दोघांनीही.

२३ मार्च
ऊन चांगलं. सर खुर्ची टाकून बसले. वायरलेसवर जावेद, "वहिनी बसल्या." पलीकडून प्र., "हाव."
दोन्ही पाय पॅडलवर घट्ट धरून ठेवले. सुटेपर्यंत.
या वेळी घारी समोर होत्या. डोळ्यांच्या पातळीत. धड वर नाही, धड खाली नाही. त्यांच्यासोबत फिरले. तास भरायला थोडं कमी पडलं. सर म्हणाले, पुढच्या रविवारी.
गाडीत प्र. गुणगुणत नव्हता. घर आलं तेव्हा विचारलं, "आज शेपटी हालोली का तू?"
"नाही."
"मले त हालताना दिसली," म्हणाला, आणि फाटक उघडायला उतरला.