खोडलेली उत्तरं

ताई,

काल तुझ्याकडून चहा न घेताच निघालो. तुला राग आला असेल. मला त्याहून जास्त आला होता. माझी मुलगी जाऊन तीन महिनेही झाले नाहीत. तिचं प्रवेश परीक्षेच्या सरावाचं पुस्तक तुझ्या लेकीला वापरायला दिलं होतं, खोडायला नाही. शब्दार्थ, व्याकरण, तिने लिहिलेली सगळी उत्तरं तू पुसून टाकलीस! पानांमधल्या खाचेत रबराचा चुरा अजून होता. वर म्हणालीस, "अरे, उत्तरं दिसत राहिली तर हिचा सराव कसा होणार?" माझ्या पोरीची चुकलेली उत्तरंसुद्धा मला हवी होती गं.

हे पत्र मी पाठवणार नाही. "पेन्सिलनेच लिही, पुस्तक पुढे कुणाच्या तरी उपयोगी पडेल," असं तिला मीच बजावलं होतं.

तुझा धाकटा भाऊ