पाटीवरची मोकळी जागा आणि इतर मालमत्ता

तर बाबा, काल तुम्ही म्हणालात ना, "एवढीच हौस असेल तर आधी मृत्युपत्र कर, मग ये माझ्याकडे," घ्या, केलं. तुम्ही रागाच्या भरात बोललात हे कळत होतं. पण मी लगेच वकीलकाकांना फोन लावला. ते म्हणाले, "साध्या कागदावर लिही, दोन साक्षीदार आण, आणि जरा कमी बोल." पहिल्या दोन गोष्टी जमतील.

मी, खाली सही करणारा, वय वर्षं सत्तावीस, धंदा बाबांच्या दुकानात नावांच्या पाट्या बनवणे, राहणार आईबाबांच्याच घरी मागच्या खोलीत, असं लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे. उगाच म्हणत नाही, किडनी देणाऱ्याचं डोकंपण तपासतात, त्याचा दाखला फाइलमध्ये आहे. माझ्यावर कुणाचा दबाव नाही. ताई मागे उभी राहून वाचतेय आणि "जमतील नाही, जमतायत लिही" म्हणतेय, तो दबाव मोजायचा नाही. याआधी मी कुठलंही मृत्युपत्र केलेलं नाही, कारण याआधी कुणी आव्हान दिलं नव्हतं.

तिऱ्हाइताच्या हातात हा कागद पडला तर त्याला कळावं म्हणून थोडक्यात. बाबांच्या दोन्ही किडन्या गेल्यात. एक दिवसाआड ते डायलिसिसच्या मशीनपाशी हातात सुया टोचून पडून असतात आणि घरी आल्यावर भिंतीला हात लावत चालतात. आईचं रक्त जुळत नाही, ताईला शुगर आहे. माझं सगळं जुळलं, अगदी जिगसॉ पझलसारखं. सोमवारी ऑपरेशन ठरलंय. सगळ्यांच्या सह्या झाल्या, एकट्या बाबांची राहिलीय. ते म्हणतात, "मी घेणार नाही." विषय संपला. त्यांच्याकडून.

आता वाटणी.

बँकेत जे काही आहे ते आईला. आई, त्यातून मिक्सर घे, तो जुना आता मिक्सर कमी आणि विमान जास्त झालाय. स्कूटर भावोजींना, पण हेल्मेटसकट. लेझर मशीन ताईला, कारण दुकानात माझ्याशिवाय ते फक्त तिलाच चालवता येतं. बाबा, तुम्ही त्याला "टोस्टर" म्हणता, तेव्हा तुमचा त्यावर हक्क लागत नाही.

तुमची ती बारीक छिन्नी, लाकडी मुठीची, जिच्यानं तुम्ही दगडावर वेलांटी काढता, ती माझी नाही हे मला माहीत आहे. जी वस्तू आपली नाही ती वाटता येत नाही, असं वकीलकाका म्हणाले. म्हणून फक्त नोंद करतो, की मला ती लहानपणापासून हवी होती आणि तुम्ही "हात कापशील" म्हणून कधी दिली नाही.

किडनी. डावी, बाबांना. इथे, कागद बघायला घरी आलेल्या वकीलकाकांनी पेनानं काट मारली. "अरे, जिवंतपणी द्यायची वस्तू मृत्युपत्रात येत नाही. त्याला बक्षीसपत्र लागतं."

"मग किडनीचं बक्षीसपत्र करू?"

"किडनीचं बक्षीसपत्र होत नाही."

"मग काय होतं?"

"तुझ्या बापाची सही होते," म्हणाले, आणि चहा मागितला.

म्हणून ते कलम काटलेलं असलं तरी वाचता येईल असंच ठेवतोय.

माझी खरी मालमत्ता म्हणजे नावं. मुलग्यांची नावं, जगभरातली, अर्थासकट. त्यांचं मी इंटरनेटवर एक पेज चालवतो, रोज एक नाव टाकतो. बघणारे थोडेच, पण जे आहेत ते कट्टर. पेजचा पासवर्ड ताईला. "मुलींची नावं का नाहीत?" असं ती पहिल्यापासून भांडतेय, तिनं आता सुरू करावीत. मी मुलग्यांपासून सुरू केलं, कारण दुखणं माझं होतं.

दुखणं असं. बाबांनी माझं नाव धोंडू ठेवलं. आणि मग मला इंग्रजी शाळेत घातलं. बाबा, या दोन्ही गोष्टी एकाच माणसानं केल्या हे मला अजून झेपत नाही! वर्गात मी स्वतःची ओळख "डॉन" अशी करून द्यायचो. (डोनाल्ड हे जुन्या स्कॉटिश भाषेतलं नाव, अर्थ जगावर राज्य करणारा. धोंड्याचं राज्य पहिल्या हजेरीपर्यंत टिकलं.) पीटी सर तर मैदानात कुठेही दगड दिसला की ओरडायचे, "धोंडू, तुझा भाऊ पडलाय बघ, उचल."

पीटी सरांना मी कॅल्विन हे नाव देऊन ठेवतो. लॅटिनमध्ये त्याचं मूळ सापडतं, अर्थ टकलू. सर, रोज टोपी काढताना आठवा. भावोजींना पॉल, म्हणजे लहानखुरा, चणीनं छोटा. ताई हसतेय, म्हणजे कलम मंजूर.

अठराव्या वर्षी मी कोर्टात जाऊन नाव बदललं. नवीन नावाचा अर्थ "तेजस्वी". त्याबद्दल मी माफी मागणार नाहीये, मला तेव्हा ते हवं होतं आणि अजूनही फॉर्म भरताना बरं वाटतं. पण घराच्या दारावर आपली पितळी पाटी आहे, तुमच्या हातची. वर तुम्ही, मग आई, मग ताई. चौथी ओळ कोरी. मी म्हणालो, "बाबा, तेजस्वीवालं नाव कोरा." तुम्ही म्हणालात, "मला दिसल्यावर कोरीन."

दुकानाचा नियमच आहे तो. माणूस समोर उभा राहिल्याशिवाय त्याचं नाव कोरायचं नाही. फोनवर ऑर्डर घ्यायची नाही, कुणाच्या हाती निरोप चालणार नाही, गिऱ्हाईक चिडून गेलं तर जाऊ दे. मला वाटायचं हा तुमचा तुसडेपणा. धंदा बुडवायची कला. तो नियम कुठून आला हे काल कळलं, तेही तुम्ही ओरडत होतात म्हणून.

"ताईच्या पाठच्या पहिल्या मुलाच्या वेळी मी पाटी आधी कोरून ठेवली," तुम्ही म्हणालात. "जन्माच्या आधी! चांगलं राजासारखं नाव शोधलं. तो घरी आलाच नाही. दुसरा आला, त्याचंही छान नाव ठेवलं. तो आजारपणात गेला. तिसऱ्याला म्हटलं धोंडू. धोंड्याकडे कोण बघतंय? पडून राहील बाजूला. कुणाची नजर जाणार नाही, कुणी उचलून नेणार नाही. तू राहिलास. आणि आता तूच उठून त्या टेबलावर जाऊन झोपतोस? मी तुला कापून घ्यायला धोंडा केला होता का रे?"

आई तेव्हा भाजी निवडत होती. निवडलेली आणि न निवडलेली भाजी तिनं एकत्र केली.

आईला मी युसुफ हे नाव देतो. जोसेफ म्हणजे तेच. मूळ हिब्रू, अर्थ "तो आणखी देईल". खूप वर्षं वाट बघितलेल्या एका आईनं ते ठेवलं, अशी जुनी गोष्ट आहे. हातात एक मूल असताना आणखी एक मागायला छाती लागते. तुझ्याकडे ती होती, आई. तू तिसऱ्यांदा मागितलंस.

आता बाबांचा वाटा. हा मोठा आहे, पाणी पिऊन घ्या.

पीटर म्हणजे दगड. ग्रीकमध्ये पेत्रोस. फ्रान्समध्ये त्याचा पिएर होतो, आणि तिकडे दगडालाही पिएरच म्हणतात. स्पेनमध्ये पेद्रो, इटलीत पिएत्रो, रशियात प्योत्र, अरबीत बुत्रुस. नॉर्वेत मुलाचं नाव सरळ स्टाइन ठेवतात, दगड. जपानमध्ये इवाओ नावात खडक आहे. बाबा, अर्धं जग धोंडू आहे! राजे धोंडू, संत धोंडू. त्या मैदानावर मी एकटा नव्हतोच. हे मला पंधराव्या वर्षी कळलं असतं तर कोर्टाची फी वाचली असती.

पण त्यांचे धोंडे मजबुतीसाठी ठेवलेले. तुमच्यासारखे घाबरलेले बाप वेगळे, तेही मी शोधलेत. मंगोलियात एक नाव आहे, नेरगुई. अर्थ "बिननावाचा". मूल वाचावं म्हणून, वाईट शक्ती दाराशी आल्या तर त्यांनी हाक कुणाला मारायची? दुसरं, एनेबिश. "हा नव्हे." म्हणजे आलात तरी चुकीच्या घरी आलात, पुढे जा. नायजेरियात योरुबा लोकांत आधीची मुलं गेली असतील तर मुलाला दुरोजाये म्हणतात, "थांब आणि जगण्याची मजा घे." आणि तुर्कस्तानात दुर्सुन. अर्थ एवढाच, "थांबू दे याला."

इथपर्यंत लिहिलं आणि बाबा स्वयंपाकघरात आले. पाणी प्यायला म्हणून. त्यांना दिवसाचं पाणी मोजून असतं आणि आजचं केव्हाच संपलंय, म्हणजे मी आणि ताई मोठ्यानं वाचत होतो ते त्यांनी पलीकडून ऐकलं असणार. पुढचं जसं झालं तसं लिहितो. वकीलकाका म्हणतात की मृत्युपत्रात संवाद नसतात. असू देत.

बाबा ओट्याला टेकून म्हणाले, "ते शेवटचं कुठलं?"

"दुर्सुन. तुर्कस्तान."

"थांबू दे."

"हो."

"म्हणजे त्यांचीपण आधीची..."

"हो बाबा. त्यांचीपण."

ते खुर्ची ओढून बसले. टेबलावर सांडलेलं मीठ त्यांनी बोटानं गोळा केलं. मग म्हणाले, "मग पुढे काय झालं त्या पोरांचं?"

या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच वेबसाइटवर नाही. मी म्हणालो, "बरीचशी थांबली असतील. मोठी झाली. धंद्याला लागली. बापाशी भांडली. बाप आजारी पडला तेव्हा त्याला दवाखान्यात घेऊन गेली."

"आणि बापानं ऐकलं?"

ताई म्हणाली, "शहाणा असेल तर ऐकलं असेल."

"तुला कुणी विचारलं?"

"कुणीच नाही. म्हणून तर सांगतेय."

मग मी ते बोललो जे या कागदात आधी लिहायला हवं होतं. बाबा, तुम्ही मला धोंडा म्हणालात ते कुणी उचलून नेऊ नये म्हणून. मला कुणी नेत नाहीये. मी माझ्या पायानं जातोय आणि माझ्या पायानं परत येणारेय. धोंडा म्हणून जपून ठेवलात, आता एकदा पायरीला तरी लावा.

ते उठले आणि बाहेर गेले. आई म्हणाली, "झालं, गेले चिडून." पण दाराशी पेचकस फिरल्याचा आवाज आला. बाबा पाटी काढून घेऊन आले आणि टेबलावर ठेवली. चौथ्या ओळीची जागा शर्टाच्या बाहीनं पुसली. इतकी वर्षं कोरी ठेवलेली ती जागा बाकीच्या पाटीपेक्षा जास्त चकचकीत होती. म्हणजे कुणीतरी ती पुसत होतं. मी नाही. आईपण नाही म्हणते.

"कोरा मग आता," मी म्हणालो.

"नियम माहितेय ना? माणूस समोर उभा दिसल्याशिवाय नाही. तू आत्ता बसलायस."

"मग सोमवारनंतर उभा राहतो. पण बघायला तुम्ही पाहिजेत."

बाबांनी चष्मा मागितला. माझ्यासमोर दोन कागद होते, हे मृत्युपत्र आणि दवाखान्याचा फॉर्म. मी विचारलं, "आधी कुठला देऊ?"

"मृत्युपत्राची काय घाई आहे?" म्हणाले, आणि फॉर्म ओढून घेतला. सहीतली वेलांटी सुरेख आली.

म्हणून हे मृत्युपत्र आता लागू पडू नये अशी माझी इच्छा आहे, पण रद्द करत नाही, मेहनत लागलीय. त्यात एक कलम वाढवतो. पाटीवरची चौथी ओळ बाबांना, पूर्ण हक्कानं. मी परत आलो नाही तर तिथे धोंडू कोरावं आणि नियम एकदाच मोडावा. परत आलो तर मात्र काय कोरायचं ते ठरवणं सगळ्यांचं काम.

हे मृत्युपत्र अमलात आणायची जबाबदारी ताईची. तिला वाटा मिळतोय म्हणून ती साक्षीदार होऊ शकत नाही, याचा तिला राग आलाय.

साक्षीदार पहिले: वकीलकाका. ("वाचले. लांबी सोडून हरकत नाही.")

साक्षीदार दुसऱ्या: खालच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या काकू. ("माझ्यासमोर सही केली. पोरगा गुणी आहे. आमच्या दाराची पाटी अजून झाली नाही.")

स्थळ: आमचं जेवणाचं टेबल, मिठाच्या बरणीशेजारी.
दिनांक: ऑपरेशनच्या आधीचा शुक्रवार, दिवेलागण.

सही: वकीलकाकांच्या आग्रहाखातर कागदावरच्या नावानं केली आहे. तिच्या शेजारी, कुणाच्याही आग्रहाशिवाय, धोंडू.

आणि हा कागद ज्याच्या हातात पडेल त्याला एकच विचारतो. मी घरी आलो, दारात उभा राहिलो, बाबांनी छिन्नी उचलली आणि म्हणाले, "बोल, काय कोरू?" तर मी काय सांगू, तुम्हाला काय वाटतं?