रजेवरचा जावई

२ सप्टेंबर, मंगळवार

सईचे आईबाबा नागपूरहून आले. मी दिवसाढवळ्या घरी कसा, हे कुणी विचारायच्या आत सई म्हणाली, "सत्यजितने रजा घेतलीय, तुम्हाला फिरवायला."

रजा! आठ दिवसांपूर्वी कंपनीने पंधरा मिनिटांच्या कॉलवर काढून टाकलं, त्याला म्हणे रजा! पण बाबांचं बीपी. ते परत जाईपर्यंत अवाक्षर काढायचं नाही असं ठरलंय. व्हिसाचे साठ दिवस आहेत. तेवढ्यात नोकरी मिळाली नाही तर त्यांच्यामागोमाग आम्हीही नागपूरला.

४ सप्टेंबर

सहा वर्षं अमेरिकेत, ओहायोतल्या डब्लिनमध्ये राहतोय. इथे बघण्यासारखं काय आहे, ते आज गूगल केलं. सिमेंटची कणसं! माणसाहून उंच, शंभराच्या वर, रांगेत उभी. गुडघ्यांमुळे सासूबाई गाडीतच बसल्या. बाबा एकेका रांगेतून फिरले.

"काहून उभी केली असतील बाप्पा?"

म्हटलं, इथे पूर्वी मक्याचं शेत होतं.

"मग शेतच ठेवायचं ना!"

तरी एका कणसाला मिठी मारून फोटो काढवून घेतला. फॅमिली ग्रुपवर टाकला — "जावईबापूंनी खास रजा काढली." एकोणीस अंगठे आले. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

८ सप्टेंबर

बाबा सकाळी नऊला टोपी-बूट घालून दारात उभे! आज नदीकाठच्या पार्कातलं दगडी डोकं. एका मूळनिवासी सरदाराचं, घराएवढं. वर चढता येतं. बाबा चढले आणि वरून ओरडले, "सत्यजितराव, रजा किती दिवसांची आहे हो?"

"बघू!"

"छान कंपनी आहे!"

९ सप्टेंबर

नदीवरचा पूल. दोन रिजेक्शन.

११ सप्टेंबर

पुन्हा तोच पूल. म्हटलं, बाबा, आज घरी आराम करू या. "आराम नागपूरला करीन ना. चला!" ह्या माणसाला कंटाळा नावाची गोष्टच माहीत नाही. मला अर्ज भरायचे आहेत हो!

१७ सप्टेंबर

झूच्या गेटवर फोन. ॲरिझोनातल्या चँडलर गावची कंपनी — उद्याचा व्हिडिओ इंटरव्ह्यू आत्ताच जमेल का? नाही म्हणायची माझी टाप आहे का! बाबांना सांगितलं, ऑफिसचं महत्त्वाचं काम आलंय. फ्लेमिंगोंच्या तळ्याशी एक बाक मिळाला. पक्ष्यांनी ठरवून कलकलाट सुरू केला.

मॅनेजरबाई म्हणाल्या, आवाज नीट येत नाहीये, तुम्ही झूमवरच आहात ना?

मी घाबरून म्हटलं, "नाही मॅम, झूमध्ये!"

त्या इतक्या हसल्या की त्यांचा कॅमेराच हलला. तेवढ्यात शाळेच्या पोरांची अख्खी पलटण आली. आणि बाबा! दोन्ही हात पसरून रस्ता अडवून उभे. "सायलेन्स प्लीज! माय सन-इन-लॉ! बिग मीटिंग!" पोरं चिडीचूप. टीचरसुद्धा.

चाळीस मिनिटं ते तसेच येणाऱ्या-जाणाऱ्यांना थोपवत होते. हत्ती बघायचे राहिले.

३० सप्टेंबर

मिळाली! चँडलर, ॲरिझोना!! सई आधी रडली, मग हसली, मग पोळी करपली. पण आईबाबांना सांगायचं काय? "ट्रान्सफर झाली म्हण," सई म्हणाली. जेवताना तसं सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "अगंबाई, एवढी रजा घेतल्यावर करणारच ते ट्रान्सफर!" बाबांनी श्रीखंड मात्र दोनदा घेतलं.

१ ऑक्टोबर

सकाळी फिरताना बाबा म्हणाले, "ट्रान्सफर झालेला माणूस असा हसत नाही, सत्यजितराव. नोकरी लागली म्हणा ना." मग त्यांनी सांगितलं. सई तिसरीत असताना त्यांची गिरणी बंद पडली. चार महिने रोज डबा घेऊन घरातून निघायचे आणि महाराजबागेत वाघाच्या पिंजऱ्यासमोर संध्याकाळपर्यंत बसून राहायचे. सासूबाईंना आजतागायत माहीत नाही.

"एकट्यानं दिवस काढणं फार जड जातं हो. म्हणून तुम्हाला रोज फिरवत होतो."