तुमच्या कागदावरचं माझं बीपी

आप्पा,

परवा गेटपासच्या मेडिकलला मी स्वतः बसलो. तुम्हाला जाऊन सात वर्षं झाली. त्याच्याही आधीपासून, म्हणजे जवळपास नऊ वर्षं, मी कोणालाही माझ्या दंडाला बीपीचा पट्टा बांधू दिला नव्हता. दरवर्षी माझ्या जागी कोणीतरी बदली बसायचं. तुम्हाला हे नवीन नाही. कंत्राटी माणसाचा पास वर्षाला नवा करायचा आणि त्याआधी ठेकेदाराच्या दवाखान्यात तपासून घ्यायचं. बीपी जास्त निघालं की पास होल्ड, गोळ्या खा आणि पंधरा दिवसांनी या. पंधरा दिवसांत मशीनवर दुसरा माणूस उभा असतो. म्हणून आपल्या चाकणच्या लायनीत वय झालेल्यांच्या जागी तरणी पोरं बसतात. कोणाला त्यात पाप वाटत नाही. मलाही वाटलं नव्हतं. तुमच्या जागी बसलो तेव्हा मी एकोणीसचा होतो, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला, आणि मला वाटायचं जगात सगळं मीच निस्तरणार.

तो पत्र्याचा दवाखाना मला अजून दिसतो. कंपाउंडर टेबलावर वाकलेला. समोर तुमच्या आधारची झेरॉक्स, त्यातला चेहरा काळा ठिक्कर, तो तुमचा म्हणा नाहीतर माझा. तो मान वर न करता म्हणतो, "मामा, बाही वर करा." मी डावा हात पुढे करतो. पट्टा फुगतो, सुटतो. "एकशे अठरा, शहात्तर. मामा, घोडा आहात घोडा." मागे रांगेतली माणसं फिसकन हसली. त्यानं शेवटपर्यंत माझं तोंड बघितलं नाही, फक्त हात बघितला, आणि त्या हाताचा आकडा तुमच्या नावापुढे लिहून शिक्का मारला.

खरं भ्यायला लागलो ते घरी आल्यावर. गणपतीतल्या शिबिरात सिस्टरनं तुम्हाला सांगितलं होतं, बीपी फार आहे, गोळी सोडू नका. तुम्ही महिनाभर खाल्लीत आणि सोडलीत. "डोकं दुखत न्हाई, चक्कर न्हाई, मग गोळी कशापायी?" आईनं मात्र लोणच्याची बरणी वर माळ्यावर टाकली होती. त्या दिवशी तुम्ही तिच्यापुढे कागद धरलात. "बघ गं, एकशे अठरा. बीपी गेलं माझं. काढ ती बरणी." आईला काय माहीत? तिनं कागदाला हात लावून नमस्कार केला आणि बरणी काढली. मी वाट बघत होतो, तुम्ही माझ्याकडे बघून डोळा माराल. तुम्ही मारला नाहीत. लोणचं वाढून घेतलंत, परत मागितलंत, आणि तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खिळ्याला अडकवलात. आप्पा, तुम्हाला तर सगळं माहीत होतं. तरी तुम्ही त्यावर विश्वास ठेवलात. तुमचा तो समाधानी चेहरा बघून माझ्या अंगावर काटा आला होता, आणि का आला ते मला तेव्हा कळलं नव्हतं.

चार महिन्यांनी, सकाळी अकराला, प्रेस मशीनवर तुमच्या डाव्या हातातनं पत्रा तीनदा पडला. हे मला शेजारच्या ऑपरेटर काकांनी सांगितलं. "तोंड जरा वाकडं दिसत होतं रे, पण आम्हाला वाटलं गॅस. सोडा पाजला." एक जण म्हणाला, दवाखान्यात न्या. तर सुपरवायझरनं फाइल उघडून दाखवली, "मेडिकल एकदम क्लिअर आहे यांचं, परवाच तर झालंय." आणि तुम्हाला कॅन्टीनच्या बाकावर आडवं केलं, शिफ्ट सुटेपर्यंत. साडेतीनला बस सुटताना तुम्ही उठेनात तेव्हा मला फोन. दवाखान्यात पोचलो तेव्हा पाच वाजत होते. डॉक्टरीण बाईंनी विचारलं, "कधी सुरू झालं?" मी म्हणालो, अकराला. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. "साडेचार तासांच्या आत आणलं असतं तर रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन देता आलं असतं." बस, एवढंच. ओरडल्या असत्या तर मी भांडलो असतो. दुसऱ्या दिवशी मी सुपरवायझरची कॉलर धरली, तुम्हाला ते कधी कळलं नाही. लोकांनी सोडवलं. तो ओरडत होता, "अरे पण कागद क्लिअर होता राव!" त्यावर माझा हातच खाली आला.

कॉलेज सुटलं, मीही कंत्राटावर कंपनीत लागलो. तुम्ही भोसरीच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत खाटेवर, आणि मग एकेक सुरू झालं. तुम्ही ताटातली उजवीकडची भाकरी संपवायचा आणि म्हणायचा, ताट रिकामं हाय. डावीकडे भाजी तशीच. आई ताट फिरवायची, मग तुम्हाला भाजी दिसायची. एकदा दाढी करून आलात तर अर्धाच चेहरा गुळगुळीत, अर्ध्यावर पांढरे खुंट, आणि आरसा हातात घेऊन तुम्ही खूश. डावीकडून आई बोलली की तुम्ही उजवीकडे बघून उत्तर द्यायचा, तिथे कोणीतरी उभं असल्यासारखं. भर दुपारी मी पण तिकडे वळून बघायचो.

आणि मग हात. आई तुमचं अंग पुसत होती. डावा हात उचलला तर तुम्ही दचकलात. "ह्यो कुणाचा?"

"अहो, तुमचाच की."

"माझा न्हाई. माझा असा नव्हता. पोराचा हाय ह्यो. त्याला म्हणावं, घिऊन जा."

शेजारच्या मावशी तोंडाला पदर लावून हसल्या. "घ्या, आता पोराचा हात पण यांनाच पाहिजे!" मी दारात उभा होतो. माझ्या हातातला दुधाचा तांब्या सुटला.

महापालिकेच्या दवाखान्यातून आठवड्याला एकदा तुमचा व्यायाम घ्यायला ती फिजिओथेरपीवाली मुलगी यायची. तेव्हा शिकत होती, निगडीची. तिनं शांतपणे सांगितलं, "मेंदूच्या उजव्या बाजूला मार बसला की डावी बाजू कधी कधी आपली वाटत नाही. आमच्याकडे एक पेशंट आजोबा होते, ते म्हणायचे, हा हात माझ्या मेव्हण्याचा. घाबरू नका." मी तिच्या अंगावर ओरडलो, "तुम्हाला काय माहीत त्यांना काय म्हणायचंय ते!" रबरी चेंडू भिंतीवर फेकला. तिनं तो उचलला, तुमच्या मुठीत दिला आणि म्हणाली, "काका, दाबा." पुढच्या आठवड्याला परत आली. त्या दिवसापासून मी तिच्यापायी वेडा झालोय, आप्पा. तिची बस यायच्या वेळेला निगडीच्या स्टँडवर हेल्मेट न काढता उभा राहायचो.

तिनंच मला सांगितलं की नुसता हात हलणं म्हणजे बरं होणं नाही. "यांना काय आवडायचं ते विचारा." तुम्हाला कंपनीची बस बघायला आवडायची. मग मी आणि खालचा रिक्षावाला तुम्हाला खुर्चीत बसवून तीन जिने उतरवायचो, तुम्ही टपरीपाशी बसायचा, बस गेली की उजवा हात वर करायचा. त्या दिवशी आईची पाठ पण कमी दुखायची. त्या दीड वर्षात तुम्ही सगळ्यात जास्त जगलात ते त्या टपरीवर.

पण एकदा तिनं आपल्या दोघांचे डावे हात शेजारी शेजारी धरले, तुम्हाला फरक दाखवायला. आणि म्हणाली, "अरे, यांचा ऊबदार आहे. तुझाच गार पडलाय." ती हसली. तुम्ही हसला नाहीत. शेवटच्या महिन्यात तुमचे शब्द जवळजवळ संपले होते. मी तिसरी शिफ्ट करून दुपारी झोपलेलो, जाग आली तर तुम्ही खाटेवरून वाकून माझी बाही वर सरकवताय. दंडाकडे एकटक बघत होतात. आणि अगदी स्पष्ट म्हणालात, "एकशे अठरा." दहा दिवसांनी दुसरा झटका आला.

पट्टा मी आधीही टाळायचो, पण तेव्हापासून मला त्याची भीती. हसू नका. मला वाटायचं, माझा आकडा तर तुमच्या कागदावर गेला, मग माझ्या हातात आता तुमचाच उरला असणार. ती वर्षानुवर्षं मागे लागली होती. गेल्या महिन्यात रावेतच्या पुलावर तिनं शेवटचं सांगितलं, "तुझ्या वडिलांना पन्नाशीच्या आत झटका आला. तू मोजूसुद्धा देत नाहीस. दिवसभर दवाखान्यात पेशंट बघायचे आणि घरी पण तेच? माझ्या घरी लग्नाचं बोलायचं असेल तर आधी बीपी मोज. नाहीतर इथेच थांबू." मी गाडीला लाथ मारली. ती रिक्षा करून निघून गेली.

म्हणून परवा बसलो. लायनीतला एक जण म्हणाला, "भावा, माणूस बघून ठेवलाय, तू चहा पी जा." मी नाही म्हणालो. सिस्टरनं एकदा मोजलं, मग दुसऱ्या हातावर मोजलं, मग पाच मिनिटं बसवून परत. एकशे बासष्ट, एकशे चार. पास होल्ड. मी थेट तिच्या दवाखान्यात गेलो आणि बदली बसल्याचं पहिल्यांदा तोंडातून काढलं. तिनं मला जवळ वगैरे घेतलं नाही. मग म्हणाली, "त्यांचं बीपी तू वाढवलं नाहीस, आणि तुझ्यात ते त्या पट्ट्यातून आलं नाही. घराण्यात असतं, मिठात असतं, तिसऱ्या शिफ्टमध्ये असतं. पण कागद तू दिलास. ते आहेच." आणि गोळ्या लिहून घ्यायला मला डॉक्टरांपुढे बसवलं. बाहेर येऊन म्हणाली, "काकांनी तरी तुला का बसवलं रे त्या दिवशी?"

मी म्हणालो, "त्यांना पास जायची भीती होती."

आप्पा, हे मी तिच्याशी खोटं बोललो. भीती मला होती. तुम्ही रांगेत उभे होतात, तुमच्यापुढे दोनच माणसं राहिली होती, आणि बाही तुम्ही आधीच वर करून ठेवली होती. म्हणत होतात, "लागू दे होल्ड, पंधरा दिस गोळ्या खाऊन यीन." तुमच्या हातातली झेरॉक्स मी ओढून घेतली.